विमानाच्या पायावर सप्रेम भेट

विमान आमच्या गावात आलं ते ट्रकवर आडवं पडून. पंख आधीच सोडवलेले, गोधड्यांत गुंडाळून शेजारी बांधलेले. करमाड फाट्यावरून ट्रक आत वळला तसं निम्मं गाव मागं लागलं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "कवा पडलं?" सुरुवातीला मी नीट सांगत होते. पडलं नाही, म्हातारं झालंय, आता ह्याला उडायची परवानगी नाही, ह्याचे जे भाग धड आहेत ते काढून दुसऱ्या विमानांना लावायचे. ऐकणारा गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचा आणि मागच्याला सांगायचा, "पडलंयच, पण ती सांगंना." शेवटी माझं डोकं फिरलं. म्हणाले, व्हय, पडलं, माझ्याच डोक्यावर पडलं. तेव्हा कुठं मंडळी समाधानानं घरी गेली.

दोन माणसांचं, शिकाऊ पायलटांना शिकवायचं विमान ते. आत बसलं की दोघांचे खांदे एकमेकांना घासतात. टीव्हीवरचं विमान डोळ्यापुढं ठेवून आलेल्यांची फार निराशा व्हायची. एका आजोबांनी चाकावर काठी आपटून बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यापरीस आमच्या जावयाचं ट्रॅक्टर मोठं हाय." मला उगाच वाईट वाटलं. विमान माझं नव्हतं, तरी वाटलं.

मी विमानांची मेकॅनिक. हैद्राबादला एका हँगरमध्ये बरीच वर्षं काढली, हाताला इंजिन ऑइलचा वास कायमचा बसला. मग वडील गेले आणि आई गावात एकटी पडली. मी तिला हैद्राबादला चल म्हणून किती विनवलं असेल त्याला हिशेब नाही. तिचं एकच, "हा उंबरा सोडून मी कुठं जायची नाय. तुला माझी एवढी फिकीर असंल तर तू ये." शेवटी मीच आले. नोकरीवर पाणी सोडून, आईसाठी, असं मी भेटेल त्याला सांगायचे आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. वडिलांनी कापूस ठेवायला बांधलेलं पत्र्याचं शेड होतं, ते झाडून घेतलं. ओळखीतून एका लांबच्या फ्लाइंग स्कूलला पटवलं की तुमची निवृत्त विमानं माझ्याकडं द्या, मी सुटे भाग कायद्यात बसतील असे काढून देते. त्यांनी एक विमान पाठवलं, बघू म्हणाले. त्यांचे साहेब येऊन तपासणार. काम पसंत पडलं तर आवारात गवत खात उभी असलेली बाकीची विमानंही माझ्याकडं. नाही पडलं तर शेडला कुलूप आणि मी परत हैद्राबादला, कारण तिथल्यांनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती आणि दुसरं पोटाला काही नव्हतं. म्हणजे आई परत एकटी. ह्या एका विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

आईला वेगळीच काळजी. शेजारीण आली की विचारायची, पोरगी काय करायलीय शेडात? मी आतून ओरडायचे, "विमान मोडायलेय." आई तिरमिरीत आत यायची. "मोडती म्हणू नको. तुझं लगीन व्हायचंय अजून." आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळसुद्धा वाढवतात. त्या हिशेबानं आई बाहेर सांगायची की पोरगी विमान वाढवायलीय. परिणामी निम्म्या आळीची समजूत झाली की मी लहान विमानाचं मोठं करून देते, आणि एकीनं आपल्या पोराची मोपेड आणून दाखवली.

जड उचलायला मदतीला शेजारचे मामा असायचे. मामा म्हणजे शेळ्यावाले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं-शेळ्या, त्यामुळं विमानाकडंही ते जनावर म्हणूनच बघायचे. पहिल्या दिवशी तोंडापुढं उभं राहून त्यांनी विचारलं, "वय काय म्हणायचं ह्याचं?" मी सांगितलं. "दिसत नाय तेवढं," म्हणाले. इंजिन खाली उतरवताना साखळी धरून ते त्याच्याशी बोलत होते, हळू, हळू, झालं आता, असं. मला हसू येत होतं, पण इंजिन जागच्या जागी उतरलं, त्यामुळं ते गिळून टाकलं.

काम म्हणजे काही धडाक्याचं नसतं. लोकांना वाटतं कुऱ्हाड घेऊन तुटून पडायचं. इथं एकेक स्क्रू काढायचा, डबीत टाकायचा, डबीवर लिहायचं. सीटखाली काय काय निघालं विचारू नका. पेनं, केसाचे चिमटे, शेंगदाण्याची टरफलं आणि वाळून गोटी झालेलं एक लिंबू. विमानाचा वेग मोजायला पंखाखाली एक नळी असते, तिच्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून ठेवलेलं. हे सगळं बाजूला काढून जो भाग हाती येईल त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. कुठून काढला, नंबर काय, चांगला की वाईट. चांगल्याला हिरवी, दुरुस्तीला जाईल त्याला पिवळी, बाद त्याला लाल. चिठ्ठी नसलेला भाग सोन्याचा असला तरी विमानाला लावता येत नाही, तो भंगारातच जाणार. कारण हा कुठून आला, किती उडाला, हे कोणी सांगू शकत नाही.

सगळ्यात जपायचे होते पाय. ह्या विमानाच्या चाकांचे पाय म्हणजे दोन लांब, चपट्या, बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या. पट्टी हीच स्प्रिंग. विमान जमिनीला टेकलं की ती वाकते आणि परत जागेवर येते. शिकाऊ पायलट तर विमान टेकवत नाही, आपटतो. म्हणून ह्या पट्टीवर खोल ओरखडा चालत नाही. ओरखड्यातून चीर निघते, चीर पुढं सरकते आणि एक दिवस धावपट्टीवर पाय मोडतो. त्या स्कूलचं एक चांगलं विमान पायाला चीर गेली म्हणूनच अडून बसलेलं होतं, आणि साहेब मुख्यतः ह्या पायांसाठी येणार होते. मी दोन्ही पाय सोडवले, औषध लावून जुना रंग उतरवला, भिंगाखाली इंच इंच बघितलं. कुठं केसाएवढी चीर नाही. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता. साहेबांनी उघडं पोलाद बघितलं की मग नवा रंग द्यायचा असं ठरवून दोन्ही पाय आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजेवर ठेवले.

आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या शेळ्या शेडात शिरल्या.

मी जेवायला घरात आले होते, दार लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. परत गेले तर सात-आठ शेळ्या निवांत रवंथ करत उभ्या, आणि जमिनीवर मांडलेल्या भागांच्या चिठ्ठ्या गायब. नुसते दोरे लोंबत होते. शेळीला रंग कळतो का मला ठाऊक नाही, पण हिरव्या सगळ्या खाल्लेल्या आणि लाल तेवढ्या शिल्लक. म्हणजे शेळ्यांच्या मते अख्खं विमान बाद. मामा धावत आले, शेळ्या हाकलल्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "पुठ्ठा बाधायचा नाय त्यांला, तू काळजी करू नको." मी शेळ्यांची काळजी करत नव्हते.

माझा राग म्हणजे आमच्या घराण्याची देणगी. वडिलांनी एकदा रेडिओ विहिरीत टाकला होता. मी अंगणात उभी राहून आईवर ओरडले, मामांवर ओरडले, शेळ्यांवर तर नावं ठेवून ओरडले. ह्या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही, आज चिठ्ठ्या खाल्ल्या, उद्या पायच कोणी उचलून नेले तर मी साहेबाला काय दाखवू, माझं नाव जाईल मातीत. आई चुलीपुढं बसलेली. भाकरीचं पीठ मळत होती, ते मळत राहिली. मला वाटलं, तिनं मनावर घेतलं नाही. तिनं चांगलंच मनावर घेतलं होतं हे मला पुढं कळलं.

तसं नुकसान भरून आलं. भागांवर मूळ नंबर असतात, आणि काढताना प्रत्येकाचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवला होता. त्यावरून खाल्लेल्या सगळ्या चिठ्ठ्या परत लिहून काढल्या, बोटं दुखली एवढंच. साहेबांच्या येण्याला एक दिवस उरला तेव्हा भाग गुंडाळायला फुगेवालं प्लास्टिक आणायला मी शहरात शहागंजच्या बाजारात गेले. आईला बजावून गेले, दाराला कडी घाल आणि शेळी आत जाऊ देऊ नको. आईनं दोन्ही गोष्टी केल्या. शेळी आत गेली नाही.

आत गेला भांड्यांवर नावं टाकणारा.

हे मी बाहेरच्या माणसाला सांगायला लागले की तो नुसता बघत राहतो, पण आपल्याकडच्याला सांगायला नको. लग्नात आलेलं पातेलं असो की साधी वाटी, तिच्यावर नाव पाहिजे. कोणास, कोणाकडून, सप्रेम भेट. त्याशिवाय ती वस्तू आपली नाही. आळीत कुणाकडं कार्य निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र होतात, ढीग लागतो, आणि चार दिवसांनी ज्याचं त्याच्या घरी बरोबर येतं ते त्या नावामुळंच. आमच्या घरात वाचायला पुस्तकं कमी आणि पातेली जास्त होती. मी जोडाक्षरं शिकले ती आजोबांच्या नावाच्या घागरीवर. तर हा नावं टाकणारा स्कूटरवर मशीन घेऊन बाजाराच्या दिवशी गावात येतो, शहरातला आहे, निम्मं मराठी निम्मं हिंदी बोलतो. आईनं त्याला रस्त्यावरून हाक मारली. चिठ्ठी शेळी खाते, पोलादावरचं नाव काय खात नाय, एवढा साधा विचार.

मी प्लास्टिकची गुंडाळी खांद्यावर घेऊन फाटकातून आले तेव्हा शेडातून टर्रर्र आवाज येत होता. मला आधी वाटलं गांधीलमाश्या. आत बघते तर विमानाचा प्रोपेलर आडवा टेकवलेला, त्याच्यापुढं हा मनुष्य मांडी घालून बसलेला, आणि पेन्सिलीनं रेघ आखून सुई टेकवणार एवढ्यात. शेजारी आई, पदर खोचून, देखरेख करत. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. प्लास्टिकची गुंडाळी मात्र मी फेकून मारली, आणि ती त्याला लागून फट फट फट फुगे फुटले. तो माणूस मशीनसकट मागं सरकला.

"अम्मा," तो आईला म्हणाला, "ये बाई कौन है?"

"हिचंच तर नाव टाकायला बोलावलं तुला," आई म्हणाली.

प्रोपेलर वाचला. माझी नजर बाजेवर गेली. लुगडं बाजूला केलेलं, आणि दोन्ही पाय उघडे. डाव्या पायावर, बरोबर मध्यभागी जिथं पट्टी सगळ्यात जास्त वाकते तिथं, ठसठशीत अक्षरात माझं नाव. पुढं वडिलांचं नाव, आडनाव, आणि शेवटी "हिस". जागा पुरली नाही म्हणून वाक्य उजव्या पायावर गेलेलं. तिथं लिहिलं होतं, "आईकडून सप्रेम भेट." खाली वळणदार वेलबुट्टी.

"लोहा बहुत सख़्त है," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "दोन सुया घिसल्या. पण अक्षर बघा, मोत्यासारखं आलं. मी तर चि. सौ. कां. लिहणार होतो, अम्मा बोली अबी कुमारीच है, तो कु. लिख्या."

मी बाजेशी जाऊन वाकले. भिंग घेऊन बघायची गरज नव्हती. बोट फिरवलं तरी अक्षरं लागत होती, इतकी खोल. त्याच्या हातात कसब होतं हे कबूल करावं लागेल.

तो गेल्यावर मी आईला बोलले. बोलले म्हणजे तोंडाचा पट्टा सोडला. तुला विचारायचं सुचलं नाही का, ही काय पातेली आहेत का, ह्या दोन पट्ट्यांवर माझं इथलं सगळं अवलंबून होतं, उद्या साहेब येईल आणि हे बघून परत जाईल, मग मी हैद्राबादला आणि तू बस इथं नावं टाकत. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते तोंडातून गेलं तेव्हाच कळलं, पण गेलेलं परत येत नाही.

आई बराच वेळ लुगड्याची घडी घालत होती. एकच घडी, परत परत. मग म्हणाली, "घरातल्या समद्या भांड्यावर तुझ्या आज्याचं नाव, नायतर तुझ्या बापाचं. तुझ्या नावाची एक वाटी नाय घरात. लगीन झालं असतं तर रुखवतात आली असती. मला वाटलं, ही तिची कमाई हाय, हिच्यावर तरी तिचं असावं." आणि चुलीकडं निघून गेली. माझा राग असा अर्ध्यातच अडकला. त्याला पुढं जायला जागा नव्हती आणि मागंही येता येईना.

मामांनी तोडगा काढला. त्यांनी पाय उलटेसुलटे करून बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, रंग तर देणारच हाय ना? अक्षरांत पुट्टीची लांबी भर, घासून घे, वर रंग मार. गाढवाचं बी घोडं करून इकत्यात बाजारात." खोटं कशाला सांगू, मी विचार केला. घरात जाऊन रंगाचा डबासुद्धा काढला. लांबी भरून रंग दिला असता तर साहेबांच्या बापाला कळलं नसतं. मग मला सीटखाली सापडलेले केसाचे चिमटे आठवले. कुणी एखादी पोरगी जीव मुठीत धरून विमान उतरवणार, आपटणार, आणि तिच्याखाली माझ्या नावातून चीर निघणार. मी डबा जागेवर ठेवला.

बाद भागाचा नियम असा आहे की त्याला नुसती लाल चिठ्ठी बांधून भागत नाही. तो पुन्हा कोणी वापरूच शकणार नाही असा करून टाकायचा, म्हणजे कापायचा किंवा भोकं पाडायची. कारण जगात मामांसारखा विचार करणारे पुष्कळ आहेत. सकाळी मी ग्राइंडर लावला आणि दोन्ही पाय मधोमध कापले. पोलाद कडक, ठिणग्या अंगणापर्यंत उडत होत्या. डाव्या पायावर चकती बरोबर माझ्या नावातून गेली, नाव एका तुकड्यावर आणि आडनाव दुसऱ्यावर. मला वाईट वाटलं ते नावाचं नाही, त्या पट्टीचं. इतकी वर्षं आपटून घेऊन तिला चीर गेली नव्हती.

हात धुवून घरात आले तर दाराशी एक गोणी बांधून ठेवलेली. शेजारी तांब्या, आईची चप्पल, आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एका डब्यात. आई म्हणाली, "मी येते हैद्राबादला. सायब नाय म्हणला की निघू. घराची किल्ली मामांकडं देऊ." असं म्हणाली की जणू पैठणला बाजाराला निघालीय. मी काही विचारणार, तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

साहेब पुण्याकडचे. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. "शेड बरं ठेवलंय तुम्ही," म्हणाले. इंजिन बघितलं, कार्ब्युरेटर बघितला, प्रोपेलरच्या पात्यावरून नख फिरवून बघितलं. तिथं त्यांना पेन्सिलीची एक रेघ दिसली. "ही कसली खूण?" मी म्हणाले, सांगते शेवटी. चिठ्ठ्या वाचल्या, नंबर ताडून बघितले. एका लाल चिठ्ठीचा कोपरा चावलेला होता, तो त्यांनी वर धरून बघितला आणि काही न विचारता खाली ठेवला. मग म्हणाले, "आता पाय दाखवा."

मी लाल चिठ्ठ्या बांधलेले चार तुकडे बाजेवर मांडले.

त्यांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "अहो, मी दोनशे मैल ह्यांच्यासाठी आलो. तुम्हीच कळवलं होतं ना, चीर नाही म्हणून?"

"नव्हती," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. शेळ्यांपासून सुरू केलं. सांगून झालं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, चारही तुकडे ओळीनं जुळवले आणि माझं अख्खं नाव मोठ्यानं वाचलं, गावातल्या शाळेत हजेरी घेतात तसं. उजव्या पायावर आले. "आईकडून सप्रेम भेट," त्यांनी वाचलं. परत एकदा वाचलं. मग ते बाजेच्या कडेवर बसले, रुमाल काढला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. मामा पाण्याचा तांब्या घेऊन धावले. पण साहेब हसत होते, आवाज न करता, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

आई दाराच्या चौकटीत उभी होती. साहेब हसतायत की रडतायत हे तिलाही कळेना. ती पुढं आली आणि म्हणाली, "सायेब, ते मी केलंय. तिचा काय दोष नाय. ती मला लई बोललीय, आता तुम्ही तिला बोलू नका."

साहेबांनी डोळे पुसले. मला विचारलं, "लांबी भरून रंग दिला असतात तर मला कळलं असतं?"

"नाही," मी म्हणाले. "उतरताना कळलं असतं. तुमच्या विद्यार्थ्याला."

त्यांनी तीन पेनांतलं मधलं काढलं आणि कागदावर सही केली. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दुसरं विमान पाठवतो. त्याचे पाय सगळ्यात आधी काढा, आमचं एक अडून बसलंय." गाडीत बसता बसता काच खाली करून आणखी एक सांगितलं. "आणि पाय निघतील त्या दिवशी मातोश्रींना तेवढं कुठं तरी देवदर्शनाला पाठवा."

धुरळा बसला. मामा शेळ्या सोडायला गेले. मी दाराशी आले तर गोणी तशीच बांधलेली, आणि आई पायरीवर बसून तांदूळ निवडायलीय. मला खूप हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की मला माणसाची उलटतपासणी घ्यावीशी वाटते. म्हणाले, "तू तर म्हणायचीस हा उंबरा सोडणार नाय. मी किती वर्षं चल चल केलं. आन आज गोणी भरायला तुला घटकाभर बी येळ लागला नाय?"

"मला काय," आई म्हणाली, "मी कुठं बी ऱ्हायले असते. तिथं काय भाजी मिळत नाय का?"

"मग तवा का नाय आलीस?"

तिनं सुपातला खडा काढून अंगणात फेकला. "तू फोनवर रडायचीस. तिथं करमत नाय म्हणायचीस, जेवण जात नाय म्हणायचीस. तुला नुसतं ये म्हणलं असतं तर आली असतीस का? हट्टी तू. मला जमतंय म्हणली असतीस. मग म्हणलं, आपणच जायचं नाय. आई एकटी हाय म्हणल्यावर तरी येशील."

मी तिच्यासाठी नोकरी सोडली, हे माझं अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. ट्रकवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीतलं एकही नीट करता येईना.

"मी नव्हते रडत," मी म्हणाले. "तिथल्या एसीनं सर्दी व्हायची मला."

"व्हय," आई म्हणाली. "दर ऐतवारी."

मी गोणीची गाठ सोडली आणि तिची लुगडी एकेक करून परत ट्रंकेत ठेवायला लागले.